परदेशी विमानतळावर उतरल्या उतरल्या मोबाईल डेटा: पायऱ्या, अडचणी, उपाय

लांबपल्ला

परदेशात उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात डेटा लागतो तो ठरावीक कामांना: टॅक्सीचे ॲप, हॉटेलचा पत्ता, न्यायला येणाऱ्याला निरोप, आणि हल्ली काही देशांत इमिग्रेशनचा ऑनलाइन अर्ज. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे केले आहे. सिंगापूर आणि मलेशियाचीही अशी कार्डे आहेत. तिन्ही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरता येतात, त्यामुळे ती घरूनच भरून निघावे. रांगेत उभे राहून वायफाय शोधत अर्ज भरण्याइतका वैताग नाही.

डेटा मिळवायच्या वाटा चार: आपल्याच सिमवर रोमिंग पॅक (आपले सिम परदेशी नेटवर्कवर वापरायची योजना), आधी विकत घेतलेले प्रवासी ईसिम (प्लॅस्टिकच्या कार्डाऐवजी इंटरनेटवरून फोनमध्येच उतरवायचे सिम), काउंटरवरून तिथल्या कंपनीचे सिम, आणि विमानतळाचे वायफाय. छोट्या प्रवासाला ईसिम घरून बसवून न्यावे आणि रोमिंग पॅक दुसरा आधार म्हणून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वायफायवर भिस्त ठेवू नये.

ईसिम निघण्याच्या एक-दोन दिवस आधी चांगल्या वायफायवर बसवा. ते बसवायलाच इंटरनेट लागते, आणि "तिथे पोचल्यावर बसवू" म्हणणारे नेमके इथे अडकतात. बसवताना विक्रेत्याने पाठवलेला क्यूआर कोड कॅमेऱ्याने टिपायचा असतो; तो त्याच फोनवर आला असेल तर दुसऱ्या पडद्यावर उघडा किंवा छापून घ्या. तेही जमत नसेल तर विक्रेत्याने दिलेला एसएम-डीपी प्लस पत्ता (ईसिम ज्या सर्व्हरवरून उतरते त्याचा पत्ता) आणि ॲक्टिव्हेशन कोड हाताने भरता येतो. आयओएस १७.४ पासून फोटोतल्या कोडवर बोट दाबून धरले की ईसिम जोडण्याचा पर्याय येतो. कोड बहुधा एकदाच चालतो. त्यामुळे डेटा आला नाही म्हणून वैतागून प्रोफाइल (फोनमध्ये बसवलेले ईसिम) पुसू नका. पुसल्यावर त्याच कोडने ते परत बसत नाही आणि विक्रेत्याकडून नवा कोड मागावा लागतो.

बसवल्यावर त्या लाइनला "प्रवास" असे नाव द्या आणि ती बंद ठेवा. मूळ सिमचे डेटा रोमिंग घरीच बंद करून निघा. उतरल्यावर विमान मोड काढा, "प्रवास" लाइन चालू करा, मोबाईल डेटासाठी तीच निवडा, आणि तिच्यावर डेटा रोमिंग चालू करा. पहिल्यांदा नेटवर्क सापडायला दोन-तीन मिनिटे लागू शकतात, तेवढा धीर धरा.

इतरांनी भर घालावी. कोणती कंपनी वाईट ही चर्चा नको. काय अडते, का अडते आणि उपाय काय तेवढे लिहावे.

खटपट्या

उत्तम धागा. विकत घेण्याआधी फोन तपासायचा मुद्दा मात्र राहिला.

*#०६# डायल करा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर फोनमध्ये ईसिमची सोय आहे. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आली. पण फोन कुठे विकला गेला तेही पाहावे लागते. चीनच्या मुख्य भूमीत विकलेले बहुतांश आयफोन दोन नॅनो सिमचे असतात, त्यांत ईसिम नाही. उलट अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढे सिमचा खणच नाही. असा फोन असेल तर काउंटरवर प्लॅस्टिकचे सिम घेऊन उपयोग नाही, ईसिमच मागावे लागते.

फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असेल तर बाहेरचे कोणतेही सिम चालणार नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे खाली कॅरिअर लॉकची ओळ असते. तिथे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" हवे. अँड्रॉइडवर सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून बघणे.

आता सहसा लक्षात न येणारी गोष्ट. आयफोन १३ पासून दोन ईसिम एकाच वेळी चालतात. त्याआधीच्या फोनमध्ये एक प्लॅस्टिकचे आणि एक ईसिम एवढेच. तुमचा मूळ नंबर आधीच ईसिमवर असेल आणि फोन आयफोन १२ असेल, तर प्रवासी ईसिम चालू केले की मूळ नंबर बंद पडतो. म्हणजे बँकेचा ओटीपी गेला. काही अँड्रॉइड फोनमध्येही ईसिम चालू केले की दुसरा खण बंद होतो. निघण्याआधी दोन्ही लाइन एकदम चालू ठेवून बघाच.

नवी_वाट

ओटीपीबद्दलच विचारायचे होते. मूळ सिम चालू ठेवले तर त्यावरून नकळत डेटा जाऊन मोठे बिल येण्याची धास्ती वाटते. सिम काढूनच ठेवावे का?

लांबपल्ला

@नवी_वाट, काढू नका. तीन ठिकाणी कुलूप लावा, मग धास्ती राहत नाही.

पहिले, मूळ लाइनवर डेटा रोमिंग बंद. दुसरे, लाइन आपोआप बदलण्याची सोय बंद. आयफोनवर ती मोबाईल डेटाच्या पानावरच असते, अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंग्जमध्ये "स्विच डेटा ऑटोमॅटिकली" किंवा तत्सम नावाने. ईसिमचा सिग्नल गेला की फोन या सोयीमुळे गुपचूप मूळ सिमवर डेटा नेऊ पाहतो. तिसरे, निघण्याआधी ##००२# डायल करून सगळे कॉल फॉरवर्डिंग काढून टाका. परदेशात न उचललेला फोन व्हॉइसमेलकडे वळला तर काही कंपन्या येण्याचा आणि वळवण्याचा असा दुहेरी आकार लावतात.

मूळ सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा मात्र कंपनीकडून सुरू करून घेतलेली हवी. ती नसेल तर सिम तिथल्या नेटवर्कवर नोंदच होत नाही आणि एसएमएसही येत नाही. डेटा रोमिंग ही फोनमधली कळ, रोमिंग सेवा ही कंपनीकडची परवानगी. दोन्ही वेगळ्या आहेत. आणखी एक: काही कंपन्यांचा दिवसाचा पॅक पहिला फोन उचलताच लागू होतो. म्हणून एसएमएस घ्या, फोन उचलू नका.

खटपट्या

याला पुरवणी. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारले तर नाही म्हणा. जुना नंबर नव्या डेटावर व्यवस्थित चालतो.

टॅक्सीची ॲप मात्र निघण्याआधीच उघडून नोंदणी पूर्ण करा, कार्डही जोडून ठेवा. नोंदणीला एसएमएसने कोड येतो आणि कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी. तिथे उतरून, केवळ डेटा असलेल्या ईसिमवर, हे दोन्ही अडकू शकतात. ईसिमला बहुधा फोन नंबरच नसतो.

बेस_स्टेशन

नेटवर्कच्या बाजूने थोडे लिहितो, कारण "काड्या पूर्ण, इंटरनेट शून्य" (सिग्नल पूर्ण, पण डेटा नाही) ही तक्रार सगळीकडे दिसते.

प्रवासी ईसिम विकणाऱ्या बहुतेकांचे स्वतःचे टॉवर नसतात. ते एखाद्या तिसऱ्याच देशातल्या ऑपरेटरचे प्रोफाइल देतात. जपानसाठी घेतलेले ईसिम मुळात हाँगकाँगचे किंवा युरोपातल्या एखाद्या देशाचे असू शकते. जपानच्या नेटवर्कवर ते पाहुणेच असते. म्हणून डेटा रोमिंगची कळ बंद असेल तर नोंदणी होते, काड्या दिसतात, पण डेटा सुरू होत नाही. "स्थानिक" ईसिम घेतलेय, मग रोमिंग कशाला, असे वाटून लोक ती कळ बंद ठेवतात.

कळ चालू असूनही डेटा नसेल तर पुढचा संशयित एपीएन, म्हणजे फोनने कोणत्या दारातून इंटरनेटवर जायचे ते सांगणारी सेटिंग. विक्रेत्याच्या ईमेलमध्ये एपीएनचे नाव असते, बहुधा एखादा छोटा शब्द. अँड्रॉइडवर सिमच्या पानावर "ॲक्सेस पॉइंट नेम्स" मध्ये नवा एपीएन तयार करून तो जपा आणि निवडा. नुसता जपून भागत नाही, समोरचे वर्तुळ भरायला हवे. वापरनाव आणि पासवर्ड दिले नसतील तर रिकामे सोडा. तो ईमेल विमानात बसण्याआधी स्क्रीनशॉट करून ठेवा, नाहीतर एपीएन बघायलाच डेटा हवा अशी गत होते.

त्यानंतर नेटवर्कची निवड. विक्रेत्याचा करार देशातल्या एखाद-दोन कंपन्यांशीच असतो, पण आपोआप निवडीत फोन आधी दुसऱ्याच कंपनीचे दार ठोठावतो. तिथून नकार आला की सिम ते नेटवर्क "निषिद्ध" यादीत टाकते आणि पुढच्या कंपनीकडे जाते. सगळ्या कंपन्या होईपर्यंत वेळ जातो. आपोआप निवड बंद करा, यादी येऊ द्या (एखादे मिनिट लागते) आणि विक्रेत्याने सांगितलेले नाव हाताने निवडा. यादी येत असताना मध्येच मागे फिरू नका, नाहीतर शोध पहिल्यापासून सुरू होतो. काम झाले की आपोआप निवड परत चालू करा, विशेषतः एकाहून जास्त देशांत जाणार असाल तर. हाताने निवडलेले नाव सीमा ओलांडल्यावर सापडत नाही आणि फोन नुसता शोधत बसतो.

हे सगळे करूनही काही नाही तर विमान मोड अर्धा मिनिट लावून काढा, मग फोन बंद करून चालू करा. व्हीपीएन (डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि प्रायव्हेट डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधायची अँड्रॉइडमधली वेगळी सोय) बंद आहेत का तेही बघा. प्रोफाइल पुसणे हा उपाय नव्हे, हे वर आलेच आहे.

नवी_वाट

@बेस_स्टेशन, तिसऱ्या देशाचे प्रोफाइल असले तर वेगावर परिणाम होतो का?

बेस_स्टेशन

होतो, आणि वेगापेक्षा विलंबावर जास्त. रोमिंगमध्ये डेटा बहुतेकदा आधी प्रोफाइलच्या मूळ देशात जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. नकाशा, निरोप, टॅक्सी यांना काही फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज मागेपुढे होतो तो यामुळे. संकेतस्थळांना तुम्ही त्या तिसऱ्या देशात आहात असे वाटते. भाषा बदललेली दिसेल, एखादे बँकेचे ॲप अडवेल.

याचा फायदाही आहे. चीनमध्ये स्थानिक सिम घेतले तर गूगल, व्हॉट्सॲप बंद असतात. बाहेरच्या देशाचे रोमिंग ईसिम किंवा स्वतःचे रोमिंग असेल तर डेटा देशाबाहेरून इंटरनेटवर जात असल्याने ती चालतात. चीनला जाणाऱ्याने केवळ याच कारणासाठी विमानतळावरचे सिम टाळावे. तिथली स्थानिक ॲप रोमिंगवरही चालतात.

काउंटरवाली

ईसिमचा एवढा पुरस्कार झाल्यावर दुसरी बाजू मांडते. तीन-चार आठवडे राहायचे असेल, स्थानिक नंबर हवा असेल (डिलिव्हरी, घरमालक, दवाखाना), किंवा फोनमध्ये ईसिम नसेल, तर काउंटरचे सिमच बरे. त्यात डेटा भरपूर मिळतो आणि तिथल्या नेटवर्कवर तुम्ही रोमिंगवाले नसता.

मात्र नियम देशागणिक वेगळे आहेत, ते माहीत असावेत. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमला ओळखपत्र लागत नाही. जर्मनीत जुलै २०१७ पासून ओळख पडताळल्याशिवाय प्रीपेड सिम सुरूच होत नाही. दुकानातून नुसते पाकीट घेऊन बाहेर पडलात तर पुढे व्हिडिओवर पासपोर्ट दाखवण्याची पायरी बाकी असते, आणि त्यासाठी पुन्हा इंटरनेट हवे. थायलंड, सिंगापूर, हाँगकाँग इथे पासपोर्ट हातात ठेवा. तो सामानाच्या तळाशी असेल तर रांगेत मागचे लोक खोळंबतात. जपानमध्ये अल्प मुक्कामाच्या प्रवाशाला बहुधा डेटाचेच सिम मिळते, आवाजी कॉलचे नाही.

तुर्कस्तानात परदेशातून आणलेला फोन स्थानिक सिमवर १२० दिवस चालतो, पुढे नोंदणी न केल्यास बंद होतो. इंडोनेशियातही आयएमईआय नोंदणी आहे. पर्यटकाला स्थानिक सिमसाठी ९० दिवसांपर्यंतची तात्पुरती नोंदणी मिळते आणि ती काउंटरवरच करून मागावी. रस्त्यावरच्या टपरीतून सिम घेतले आणि नोंदणी झाली नाही, तर सिम चांगले असूनही फोनला नेटवर्क मिळत नाही. हे निर्बंध स्थानिक सिमला आहेत, रोमिंगला नाहीत.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्या दरात चालते. पॅरिसला घेतलेले रोममध्ये चालेल, पण योजनेत रोमिंगची मर्यादा किती ते विचारा, ती बहुधा एकूण डेटापेक्षा कमी असते. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या नियमात येत नाहीत. स्वित्झर्लंडमधून जाणारी रेल्वे असेल तर डेटा बंद ठेवा किंवा योजनेत तो देश आहे याची खात्री करा.

काउंटर सोडण्याआधी हे करून घ्या. सिम विक्रेत्याला घालू द्या, पण तुमचे मूळ सिम त्याच्या हातून परत घेऊन लगेच पाकिटात ठेवा. फोनचे वायफाय बंद करा आणि याआधी न उघडलेले एखादे पान उघडा, जुने पान फोनच्या आठवणीतूनही उघडते. उरलेला डेटा बघायचा कोड लिहून घ्या. सिम ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत होते ती चौकट जपा, पीयूके (सिमला कुलूप लागल्यास ते उघडायचा कोड) त्यावरच छापलेला असतो. पावती घ्या. आणि मुदत दिवसांत मोजतात की २४ तासांच्या तुकड्यांत, हे विचारा. रात्री अकराला सुरू झालेले "एक दिवसाचे" सिम काही ठिकाणी तासाभरात संपते.

लांबपल्ला

@काउंटरवाली, सगळे पटले. वेळेचा प्रश्न तेवढा उरतो. काउंटर बहुधा कस्टम्सच्या पलीकडे, आगमन कक्षात असतात, म्हणजे इमिग्रेशन आणि सामान होईपर्यंत डेटा नाही. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या विमानाला ते उघडे असतीलच असे नाही. शिवाय रुंद विमानातून तीनशे माणसे एकदम बाहेर पडतात. काउंटरचे सिम घ्यायचेच असेल तरी पहिल्या दिवसापुरते छोटे ईसिम सोबत असावे, ही माझी शिफारस. दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुकानातून निवांत सिम घ्यावे.

काउंटरवाली

मान्य. ईसिम चालणारा फोन असेल तर हेच सगळ्यांत शहाणपणाचे. नसेल तर पहिल्या दिवसाला रोमिंग पॅक.

आणि तुर्कस्तानच्या ईसिमबद्दल: जुलै २०२५ मध्ये तिथे बऱ्याच परदेशी ईसिम विक्रेत्यांची संकेतस्थळे आणि ॲप बंद करण्यात आली. आधी बसवलेले ईसिम रोमिंगवर चालते, पण उतरल्यावर विकत घ्यायला किंवा डेटा वाढवायला जाल तर पानच उघडत नाही. तिथे जाताना डेटा थोडा जास्तच घेऊन निघा.

निरंतर

वायफायबद्दल लिहितो, कारण बाकी सगळे फसले की शेवटी तेच उरते.

जोडले गेले पण लॉगिनचे पान उघडत नाही, ही नेहमीची अडचण. कारण असे की विमानतळाची यंत्रणा तुमची पहिली विनंती अडवून स्वतःचे पान दाखवते, आणि सुरक्षित पानाची विनंती तिला तशी अडवता येत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम असे साधे, बिनकुलपाचे पान उघडा. लॉगिनचे पान समोर येते. व्हीपीएन बंद हवे. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएसला एखादे नाव भरून ठेवले असेल तर ते "ऑटोमॅटिक" वर आणा, तेच बहुतेक वेळा आड येते.

दुसरी अडचण एसएमएसच्या कोडची. काही विमानतळ फोन नंबर मागतात आणि कोड एसएमएसने पाठवतात. मूळ सिम रोमिंगवर नोंदलेले नसेल तर कोड येणार नाही. चीनमधल्या मोठ्या विमानतळांवर आणि इस्तंबूलला यासाठी पासपोर्ट वाचून कोड देणारी यंत्रे आहेत. वायफायचे चिन्ह असलेला खांब शोधा, पासपोर्टचे फोटोचे पान खाली धरा, कोडचा कागद घ्या.

विमानतळाच्या वायफायवरून ईसिम बसवायची वेळ आली तर आधी फोनची तारीख-वेळ आपोआपवर आहे ना बघा. घड्याळ चुकले की सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि फोन फक्त "ईसिम जोडता आले नाही" एवढेच सांगतो.

बेस_स्टेशन

दोन सापळे अजून कोणी लिहिले नाहीत.

एक, विमानातले नेटवर्क. बऱ्याच लांब पल्ल्याच्या विमानांत उपग्रहावरून चालणारे छोटे मोबाईल नेटवर्क असते. विमान मोड काढलेला आणि मूळ सिमचे रोमिंग चालू असेल तर फोन त्यावर नोंदतो. या नेटवर्कचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा फार चढे असतात आणि देशाचा रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही. समुद्रावरच्या जहाजांतही हेच. विमान मोड चाके टेकल्यावरच काढा.

दोन, मधला थांबा. ईसिमची मुदत कधी सुरू होते ते विकत घेताना वाचा: बसवल्याबरोबर, की पहिल्यांदा नेटवर्कला जोडल्यावर. दुसऱ्या प्रकारात, अनेक देशांची योजना असेल आणि मधल्या थांब्याचा देश यादीत असेल, तर तिथे दोन तासांसाठी लाइन चालू केली तरी दिवस मोजायला सुरुवात होते. एका देशाचे ईसिम असेल तर थांब्यावर ते नुसते नेटवर्क शोधत बॅटरी खाते. दोन्ही कारणांनी लाइन शेवटच्या मुक्कामापर्यंत बंद ठेवावी.

नवी_वाट

"अमर्याद" लिहिलेली योजना घ्यावी की मोजून? आणि हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालेल का?

खटपट्या

"अमर्याद" च्या खाली बारीक अक्षरांत दिवसाची मर्यादा असते. ती संपली की वेग १२८ केबीपीएस किंवा त्याच्या आसपास आणतात. त्या वेगात निरोप जातात, नकाशा रखडतो. नकाशा आणि निरोप एवढेच काम असेल तर मोजून घेतलेली योजना पुरते. शहराचा ऑफलाइन नकाशा आधी उतरवून ठेवा, फोटोंचा आपोआप बॅकअप आणि ॲपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. उतरल्यावर डेटा खाणारे मुख्य हेच दोन.

हॉटस्पॉट काही योजनांत पूर्ण बंद असतो, काहींत वेगळी मर्यादा असते. विकत घेण्याआधी "टेदरिंग" हा शब्द शोधून वाचा.

बेस_स्टेशन

जुना फोन नेणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे थ्रीजी २०२२ मध्ये, तर ऑस्ट्रेलियातले २०२४ मध्ये बंद झाले. थ्रीजीपर्यंतचाच फोन तिथे निरुपयोगी. फोरजी असूनही व्होल्टी (फोरजीवरून साधा कॉल करायची सोय) जमत नसेल तर डेटा मिळेल, पण साधा कॉल लागणार नाही. ऑस्ट्रेलियात तर आपत्कालीन क्रमांकाला व्होल्टीवरून कॉल न लावू शकणारे फोन स्थानिक नेटवर्क स्वीकारतच नाही. फोन ज्या देशासाठी बनला आहे त्यानुसार त्यातल्या लहरींचे पट्टेही बदलतात: अमेरिकेत शहराबाहेर ६०० आणि ७०० मेगाहर्ट्झचे पट्टे लागतात, युरोपात ८०० चा (बँड २०). विमानतळावर सगळे चालते, कारण तिथे सगळे पट्टे असतात. फरक जाणवतो तो शहर सोडल्यावर.

नवी_वाट

शेवटचा प्रश्न. परत आल्यावर ते ईसिम पुसायचे का?

खटपट्या

आधी ती लाइन बंद करा, डेटासाठी मूळ सिम परत निवडा आणि हाताने निवडलेले नेटवर्क आपोआपवर आणा. हे राहिले की घरी उतरल्यावर मूळ सिमलाच डेटा मिळत नाही आणि लोक कंपनीला दोष देत बसतात. मग विक्रेत्याच्या अटी बघा. त्याच प्रोफाइलवर पुन्हा डेटा भरता येत असेल तर ते बंद करून ठेवा. पुढच्या वेळी वायफाय, क्यूआर, काहीच लागत नाही, घरून डेटा विकत घेतला की तिथे उतरून लाइन चालू करायची. आयफोनवर आठ किंवा जास्त ईसिम साठवता येतात. एकदाच चालणारे असेल तर मुदत संपल्यावर पुसून टाका. पुसताना दोनदा नाव वाचा: मूळ नंबर ईसिमवर असेल तर तोही त्याच यादीत असतो, आणि तो पुसला गेला तर परत मिळवायला कंपनीकडून नवे ईसिम काढून घ्यावे लागते.